आईची व्हीलचेअर आणि ग्रुपवरचे डॉक्टर

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शाळा दारव्हा तालुक्यातली, त्यामुळे एरवी तिथं कापसाचा भाव, कुणाकडची तेरवी, नाहीतर अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान आज उडालं की नाही, एवढंच चालतं. मागे एकदा मात्र भलतीच चर्चा पेटली. कुणीतरी फोटो टाकला : विमानाच्या दारात व्हीलचेअरची रांग, खुर्च्यांत सगळे आपले म्हातारे-म्हाताऱ्या. खाली ओळ, 'पोरं परदेशात, मायबाप फुकटच्या खुर्चीत.' त्यावर हसण्याच्या चेहऱ्यांची रांग. मग आमच्या एका मित्राने, जो पंचायत समितीत आहे आणि लिहितो झकास, भर घातली : 'आपल्या गावची एक काकू दिवसभर वावरात निंदते, पण विमानतळ दिसला की तिचे गुडघे जातात.'

ती काकू म्हणजे माझी आई. ग्रुपवर हे न कळलेला एकही माणूस नसेल.

तिथं मी उत्तर दिलं नाही. तिथं उत्तर दिलं की 'जर्मनीवाले साहेब रागावले' एवढंच होतं. म्हणून इथं.

तिला चालता येतं, हे आधीच सांगून टाकतो. सत्तरीला टेकली आहे, पण घरून वावरात आणि वावरातून घरी ती अजून पायीच जाते आणि त्या वाटेवर मला मागे टाकेल. तिला येत नाही ते इंग्रजी. माझ्याकडे जर्मनीला येताना वाटेत दोह्याला विमान बदलायचं; तिथं उतरल्यावर पुढचं गेट कुठलं, ते टर्मिनलच्या कुठल्या टोकाला, आतली ती छोटी आगगाडी पकडायची की नाही, ऐनवेळी गेट बदललं तर फलकावर काय वाचायचं, हे तिने कुणाला आणि कोणत्या भाषेत विचारायचं? विमान कंपन्यांकडे नुसती वाट दाखवायला सोबत देण्याचा वेगळा कोड असतो, 'मास' म्हणतात त्याला. पण तिकीट काढताना समोर ठळक दिसते ती व्हीलचेअर. तिच्यातही तीन पायऱ्या आहेत. एक, जिना चढता येतो, विमानात चालता येतं, फक्त टर्मिनलमधलं लांब अंतर झेपत नाही. दुसरी, जिनाही चढता येत नाही. तिसरी, सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. मी आईसाठी पहिलीवर टिचकी मारतो. तिला झेपत नाही ते अंतर नव्हे, अंतरावरच्या पाट्या. पण तशी चौकट त्या फॉर्मवर नाही, त्याला मी काय करू?

आणि हे 'फुकट' काय प्रकरण आहे? युरोपात 2006 चा एक नियम आहे, 2008 च्या जुलैपासून पूर्ण लागू. मदत देण्याची जबाबदारी विमानतळाची, आणि त्याचा खर्च सगळ्या विमान कंपन्यांकडून प्रवाशांच्या प्रमाणात वसूल होतो. म्हणजे शेवटी तो सगळ्यांच्याच तिकिटात येतो. आईच्या खुर्चीचे पैसे मी वर्षानुवर्षं आगाऊ भरत आलो आहे, असं म्हटलं तरी चालेल. मदत कुणाला द्यायची, याच्या व्याख्येत तिथं कायमचं अपंगत्व आहे, तात्पुरतं आहे आणि वयही आहे. मागणी 48 तास आधी नोंदवायची. मग कुणी तुमचे पाय निरखत बसत नाही.

भारतात ही जबाबदारी विमान कंपनीची. 2024 च्या फेब्रुवारीत मुंबईला काय झालं, ते पेपरात आलं होतं. न्यूयॉर्कहून आलेलं वृद्ध जोडपं, दोघांनीही व्हीलचेअर सांगितलेली, मिळाली एकच. बायको खुर्चीत बसली, ऐंशी वर्षांचा नवरा तिच्याबरोबर चालत निघाला आणि इमिग्रेशनपाशी कोसळून वारला. कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. ही बातमी मी ग्रुपवर टाकली असती, तर पंचायत समितीवाल्याचं उत्तर मला पाठ आहे : त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, कारण मागणारे फार होते, आणि त्या मागणाऱ्यांत तुझ्या आईसारखे किती? खुर्च्यांना फार मागणी होती असं कंपनीनेही म्हटलं होतंच. शिवाय तो गॅटविकचं काढणार. 2022 च्या जूनमध्ये लंडनच्या त्या विमानतळावर असाच एक मदत मागितलेला प्रवासी सोबतीशिवाय विमानातून निघाला आणि सरकत्या जिन्यावर पडून वारला. तेव्हा युरोपचा तो नियम कुठं गेला होता, असं तो विचारणार. विचारू दे. गैरवापर होतो, खुर्च्या कमी पडतात, सगळं खरं. पण ज्याला नुसता माणूस हवा आहे त्याला खुर्चीच मागायला लावली, तर खुर्च्या कमी पडणारच. यात काकूच्या गुडघ्यांवर विनोद कशाला?

या सगळ्यानंतर, जानेवारीत, माझाच पाय मोडला. बेकरीसमोरच्या फुटपाथवर बर्फावरून घसरलो. त्या इमारतीच्या मालकाने बर्फ वितळायला मीठ टाकलं नव्हतं; त्याच्या विम्याचा माझ्या विम्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. घोट्याजवळचं हाड, ऑपरेशन नाही, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. त्याच आठवड्यात गावाकडे मोठेबाबा गेले. तेरवीला पोचायचंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं नाही, नियम सांगितले. ताजं प्लास्टर असेल तर लांबच्या विमानाला 48 तास थांबायचं. केबिनमधली हवा सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी विरळ असते, त्यात तासन् तास बसून पाय सुजतो, आणि बंद प्लास्टर सुजेला जागा देत नाही. म्हणून त्यांनी ते उभं चिरून वर पट्टी गुंडाळून दिली. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज पोटात टोचायचं इंजेक्शन, आणि त्या सुया सिक्युरिटीत अडू नयेत म्हणून चिठ्ठी. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म वेगळा. पाय पसरायला इमर्जन्सी दाराजवळची सीट मिळेल असं मला वाटत होतं, पण ती मोडक्या पायाच्या माणसाला देतच नाहीत. वेळ आली तर दार उघडणारा धडधाकट हवा. उड्डाणाआधी कुबड्या हवाईसुंदरीने काढून वरच्या कप्प्यात ठेवल्या. मग बाथरूमला जायचं म्हणजे बेल दाबून त्या परत मागायच्या.

फ्रँकफर्टला मला नेणाऱ्या माणसाने 'गुटन मॉर्गन' म्हटलं, जिना चढता येईल का विचारलं, नाही म्हटल्यावर उचलणाऱ्या गाडीतून थेट विमानाच्या दारापर्यंत पोचवलं. थोडा उशीर झाला होता, त्याची माफी मागितली. पाय कसा मोडला, कुठं चाललात, बायको बरोबर का नाही, एक अक्षर नाही. मला ते फार आवडलं. आता मला तेच आवडतं.

दोह्याला व्हीलचेअरवाल्यांना एका कोपऱ्यात बसवून ठेवतात. तिथं ग्रुपवरचा तो फोटो जिवंत होता. गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात पासपोर्ट लटकवलेल्या आज्या, स्वेटरवर कोट घातलेले आजोबा. शेजारच्या तेलुगू आजींचे पाय ठणठणीत होते. उठून पाणी पिऊन येत होत्या. मग त्यांनी बोर्डिंग पास माझ्यापुढे धरला आणि सीट नंबरावर बोट ठेवून समोरच्या गेटकडे दाखवलं. मी मान हलवली, खालच्या ओळीतल्या गेटच्या आकड्यावर बोट नेलं. त्यांनी तो आकडा पेनाने तळहातावर लिहून घेतला आणि मूठ मिटून बसल्या.

नागपूरला एक पोरगा आला, विशी-बाविशीचा. चार पावलं ढकललं असेल नसेल, विचारतो, "काका, खरंच मोडला का जी?"

माझं डोकंच सणकलं. प्लास्टर समोर दिसतंय, कुबड्या मांडीवर आहेत.

"नाही, राग नका मानू," तो म्हणाला. "अर्धे लोक बाहेर आले का खुर्चीतून उठतेत आन् लेकराकडे पयतेत. आपल्याले काय जी, त्यायले वाचता नाही येत, आपन नेऊन देतो. कोनतं गाव तुमचं?"

दारव्हा म्हटल्यावर त्याच्या मामाचं गाव नेर निघालं. इमिग्रेशनची रांग ओलांडून नेताना लोक माझ्या पायाकडे बघत होते, आणि मी प्लास्टर नीट दिसेल असा पाय पुढे धरला. लाज वाटली तरी धरला. बाहेर येईपर्यंत त्याला माझा पगार सोडून सगळं कळलं होतं, आणि पायाला हाडजोडी बांधा, हेही सांगून झालं होतं.

समृद्धीवरून धामणगावला उतरून नेरमार्गे घरी पोचलो. आमच्या घराला ओटा, ओट्याला उंच पायऱ्या, मग उंबरठा. मी म्हणत होतो, थांबा, मी कुबड्यांवर येतो, मला शिकवलंय. कुणी ऐकलंच नाही. चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि थेट माजघरात नेऊन ठेवलं. त्यात पंचायत समितीवालाही होता. "जर्मनीत वजन लय वाढलं बे तुह्यं," एवढंच बोलला. पुतण्याने माझ्यासाठी दुसऱ्या एका खुर्चीच्या बुडाला करवतीने गोल भोक पाडून ठेवलं होतं, कडा पायाला लागू नयेत म्हणून तापवलेल्या विळ्याने सारख्या केल्या होत्या, आणि ती मागच्या संडासात भांड्यावर मांडून ठेवली होती. मी पोचायच्या आधी. मी काही सांगितलं नव्हतं, कुठला फॉर्म भरला नव्हता.

आणि मी काय केलं? चिडलो. मला विचारल्याशिवाय कुणी हात लावलेला आता सहन होत नाही. त्यांच्यापैकी कुणाला हे बोललो नाही. तेरवीच्या घरात बोलायचं तरी काय?

रात्री पंचायत समितीवाला चहाला थांबला. "तुह्यं ठीक हाय, तुह्या पाय मोडला. काकूचं सांग." मी नियम सांगितले, कोड सांगितले, खर्च कसा वाटला जातो ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग तू येत जा ना तिले घ्यायले."

यावर माझ्याकडे नियम नाही. मला झोंबलं होतं ते 'फुकट' नव्हे, 'पोरं परदेशात' हे होतं. मी येऊन तिला नेत नाही, कारण जाण्यायेण्याचं जास्तीचं तिकीट आणि तेवढी रजा मी दुसऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवतो. मग एक टिचकी मारतो आणि माझ्या जागी एक अनोळखी माणूस खुर्ची ढकलत येतो. तो माणूस कामाला चोख असतो, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगतो.

आईला मात्र तो चोखपणा पटलेला नाही. मागच्या खेपेला फ्रँकफर्टला कसं वाटलं, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "मुक्यानं नेलं बाप्पा मले. नागपूरचं पोट्टं कसं, सारं गाव इचारते." मे महिन्याचं तिकीट काढलं, तेव्हा तिने अट घातली : दोह्यापर्यंत खुर्ची चालेल, फ्रँकफर्टला मीच विमानापाशी घ्यायला यायचं. मी समजावलं, आई, बाहेरच्या माणसाला तिथपर्यंत सोडत नाहीत, सामानाच्या पट्ट्याच्या अलीकडे येता येत नाही, कायदा आहे.

"पाय मोडला त मानूस देतेत, अन् लेकराले आत येऊ देत नाहीत?" ती म्हणाली. "मंग कायचा तो कायदा तुमचा?"