पहाटेचं जॅकेट आणि झूल: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

पहाटे घोडा फिरवताना वापरायचं जॅकेट आणि झूल तुम्ही माझ्याकडून घेतलीत. त्यांना दोन तारे देताना तुम्ही कारणंही नीट लिहिलीत, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. जॅकेट पुढून आखूड आहे, झूल घोड्याच्या मागच्या अर्ध्या अंगावरच येते, अंधारात पोपटी कापड उठून दिसत नाही, आणि रस्त्यावरच्या कामगारांचं जाकीट याहून कितीतरी स्वस्त पडतं, असं तुमचं म्हणणं आहे. या सगळ्यावर लिहिते. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की झुलीला मागे लोंबणारी दोरी निरुपयोगी वाटली म्हणून कापून टाकली. ते वाचून काळजी वाटली, त्यामुळे आधी त्याबद्दल.

ती दोरी नसताना झूल घालून घोडा रस्त्यावर काढू नका. शेपटीखालून जाणारी ही दोरी झुलीची मागची दोन्ही टोकं धरून ठेवते. ती नसली की शेजारून ट्रक जाताच झूल वाऱ्याने वर उचलली जाते आणि घोड्याच्या पुठ्ठ्यांवर, म्हणजे मागच्या अंगावर, आपटते. घोड्याला आपल्या थेट मागचं दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी काही फडफडलं तर शांत जनावरही उधळतं, आणि ते रस्त्याच्या कडेला झालं तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. दोरी घट्टही नको, शेपटी मोकळी हलली पाहिजे.

झूल अर्धी आहे ती मुद्दाम. पुढचा भाग खोगीर आणि स्वाराच्या मांड्यांखाली येतो, खांदे मोकळे राहिले तरच घोडा नीट पाऊल टाकतो. थंडी बाधते ती पुठ्ठ्यांच्या मोठ्या स्नायूंना, तेही केस कातरलेल्या घोड्याला, पावलाच्या चालीत. एकदा घाम येईल इतकं पळवायला लागलात की झूल काढलेलीच बरी.

जॅकेट आरशासमोर उभं राहून पाहिलं तर आखूडच दिसणार. ते खोगिरात बसून पाहायचं असतं. बसल्यावर पुढचं कापड मांड्यांवर गोळा होतं, उतरताना वाकलं की खोगिराच्या पुढच्या उंचवट्यात अडकतं. म्हणून पुढून कमरेपर्यंत, मागून लांब, आणि हात लगामाकडे पुढे जातात म्हणून बाह्या जरा जास्त लांब. पोटाला गार लागत असेल तर आत सुती बनियनऐवजी फ्लीसची बंडी घाला. सुती कापड घामाने भिजलं की ऊब देत नाही, आणि दुडक्या चालीत समोरून लागणारा वारा ते आणखी गार करतो.

आता दिसण्याचं. पोपटी कापड दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांवर चमकतं, त्यामुळे झुंजूमुंजू झाल्यावर, धुक्यात, ढगाळ हवेत ते लांबून उठून दिसतं. मिट्ट काळोखात त्याचा काही उपयोग नाही, कारण गाडीच्या दिव्यात ते किरण जवळपास नसतातच. तिथे काम करते ती रेडियम पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी दिव्याचा उजेड आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. पहाटे काळोखात निघून उजाडल्यावर परतणाऱ्याला दोन्ही लागतात. तुम्ही घोड्याच्या पायांचे पट्टे घेतले नाहीत, ते मात्र घ्यायला हवे होते असं मला ठामपणे वाटतं. खुरांच्या वर लयीत हलणाऱ्या पट्ट्या दिसल्या की समोर जनावर आहे हे चालकाला पटकन उमगतं. अंगावरची स्थिर पट्टी खांबाचीही असू शकते.

घरी शिवायचं असेल तर जरूर शिवा, माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणणार नाही. कामगारांच्या जाकिटाला पुढे उघडी टोकं असतात, ती आत घेऊन चेन लावा. कापड चुरचुर वाजणारं नको, घोडा बिचकतो. घेण्याआधी कानाजवळ चुरगाळून पाहा. स्वार घोड्यावर असताना वेल्क्रो फाडकन उघडू नका. रेडियम पट्टी ५० मिमी रुंद घ्या आणि दोन्ही कडांच्या अगदी जवळून, ३ ते ३.५ मिमीच्या लांब टाक्याने एकदाच शिवा. उसवून पुन्हा शिवलं की भोकं तशीच राहतात. पाणीरोधक कापडाला टाचण्या नकोत, चिमटे लावा. धुताना ब्लीच आणि सॉफ्टनर टाळा, पट्टीवर इस्त्री फिरवू नका, आणि उलटं करून सावलीत वाळवा, नाहीतर पोपटी रंग उन्हाने उतरतो.

तुमच्या झुलीच्या मापाची दोरी शिवून आज कुरिअरने पाठवते, तिचे पैसे नकोत. झुलीच्या मागच्या टोकांना आतून दोन कड्या आहेत, त्यांत ओवून गाठ मारायची. ती पोचेपर्यंत झूल न घालताच फिरवा. घोड्याचे केस कातरलेले नसतील तर नाशिकच्या थंडीत त्याला काही होत नाही.