गिटारच्या हेडस्टॉकला ड्रिल लावण्याआधी

जळगाव-धुळ्याकडच्या गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला जोरात फिरतोय. त्याचं सार असं: आपल्याकडच्या उन्हाने गिटारच्या वरच्या टोकावरच्या, म्हणजे हेडस्टॉकवरच्या, तारा आवळणाऱ्या किल्ल्या ढिल्या पडतात म्हणून ट्यूनिंग टिकत नाही, जुन्या किल्ल्या काढून सीलबंद (गिअर डब्यात बंद असलेल्या) नव्या बसवा, भोकं लहान पडली तर घरच्या ड्रिलला १० मिमीचं बिट लावून पाच मिनिटांत मोठी करा, भोक जास्तच मोठं झालं तर फेविकॉल आणि भुसा भरा, आणि हे काम कुठलाही सुतार करून देतो. यातलं सुताराचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांवर विसंबून गिटार हातात घेऊ नका.

आधी उन्हाचं बघू. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि मांडवात दुपारी लावलेली गिटार थोड्या वेळात उतरलेली असते, हे खरंच आहे. पण त्यात किल्लीचा काय दोष? पोलादी तार तापली की लांबते, ताण कमी होतो, सूर खाली येतो. नवी महागडी किल्ली बसवली तरी तार तापणारच. किल्लीच्या आत वर्म गिअर असतो. बटण फिरवलं की तार गुंडाळलेली दांडी फिरते, पण तारेने दांडी कितीही ओढली तरी बटण उलटं फिरत नाही. दात झिजलेले नसतील तर साधी किल्लीसुद्धा ताण धरून ठेवते. १४:१ ऐवजी १८:१ (दांडीच्या एका फेरीला बटणाच्या १४ ऐवजी १८ फेऱ्या) घेतली तर सूर जास्त बारकाईने लावता येतो, इतकाच फरक.

उन्हात न ठेवताही सूर सरकत असेल तर बहुतेक वेळा तार नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा ज्यावरून जातात त्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकत असते. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर ओळखा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, दांडीवर तारेचे दोन-तीन नीट वेढे घ्या आणि सूर नेहमी खालून वर आणा. एवढ्याने काम झालं तर भोकांना हात लावायचं कारणच उरत नाही.

किल्ल्या खरोखर खराब असतील तर बदलाव्यातच. पण मागवण्याआधी व्हर्नियरने भोक मोजा. जुन्या पद्धतीच्या किल्लीला साधारण साडेआठ ते पावणेनऊ मिमीचं भोक असतं आणि त्यात समोरून दाबून बसवलेलं एक छोटं बुश (दांडीला आधार देणारी धातूची कडी) असतं. सीलबंद किल्लीला सहसा १० मिमी लागतं. पहिल्या मापाच्या चांगल्या किल्ल्याही ऑनलाइन मिळतात, त्या घेतल्या तर ड्रिलचा विषयच संपतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे का सांगितलं नाही, कोण जाणे. स्वस्त अकूस्टिकवर तीन किल्ल्यांची एकच पट्टी असते. तिथे सुट्या किल्ल्या बसवायच्या असतील तर दोन भोकांमधल्या अंतरात नव्या किल्लीचा डबा मावतो का तेही बघा. भोक मोठं करून झाल्यावर डबे एकमेकांना टेकतात हे कळणं फार वाईट.

आता मुख्य मुद्दा, दहाच्या बिटाचा. ८.५ चं १० करायचं म्हणजे प्रत्येक बाजूने फक्त पाऊण मिमी लाकूड काढायचं असतं, त्यामुळे काम किरकोळ वाटतं. खरा धोका इथेच आहे. साधं बिट भरीव लाकडात सरळ जातं, कारण त्याचं टोक मधल्या लाकडात रुतून बिटाला धरून ठेवतं. आधीच भोक असेल तर टोकाखाली हवा असते. मग फक्त कडेच्या धारा चावतात, बिट स्क्रूसारखं स्वतःच आत ओढलं जातं आणि हँड ड्रिल हाताला हिसका देतं. समोरचं जाड लॅकर पापुद्र्यासारखं उडतं, मागच्या बाजूने लाकडाच्या चिपा निघतात, भोक एका बाजूला सरकतं. त्यात भोकं हेडस्टॉकच्या कडेजवळ, लाकडाच्या रेषेतच ओळीने असतात. चीर एकदा पडली की ती एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे जाते.

याला उतारा म्हणजे टी हँडलचा निमुळता रीमर, भोक आतून खरवडून मोठं करायचं हत्यार. हाताने, हळूहळू, एकाच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला तर धार जाते. थोडं समोरून, थोडं मागून. तो निमुळता असल्याने मधे भोक जरा अरुंद राहतं, ते गोल कानशीने किंवा गोल काडीला पॉलिश पेपर गुंडाळून साफ करायचं. दर दोन-चार फेऱ्यांनी किल्ली घालून बघायची. एमआयडीसीत काम करणारा कुणी सरळ १० मिमी हँड रीमर आणून देईल, तो या कामाचा नाही; तो भोकाला शेवटचा नेमका आकार देण्यासाठी असतो, दीड मिमी काढण्यासाठी नाही. पत्र्यासाठीचं पायऱ्यांचं स्टेप बिटही अपुरं पडतं, कारण त्याची एकेक पायरी थोड्याच उंचीची आणि हेडस्टॉक १४-१५ मिमी जाड. मात्र नव्या किल्लीलाही दाबून बसणारंच, जरा मोठं बुश असेल तर समोरून बुशच्या खोलीपुरतंच भोक मोठं करायचं असतं. तिथे स्टेप बिट चालून जातं.

यंत्रानेच करायचं असेल तर जुनं भोक कठीण लाकडाच्या गोल खुंटीने फेविकॉल लावून बुजवा, एक दिवस वाळू द्या, बरोबर मध्यावर खूण करा आणि मधे अणकुचीदार टोक असलेलं लाकडाचं बिट ड्रिल प्रेसवर लावा. खाली टाकाऊ लाकडाची फळी सी क्लॅम्पने घट्ट आवळा. आता टोकाला धरायला लाकूड असतं, म्हणून बिट भरकटत नाही.

भुशाची भर फोटोत छान दिसते, पण तिला लाकडासारखे तंतू नसतात. सीलबंद किल्लीत समोरचा पेचाचा नट आणि वॉशर मिळून सगळं आवळून धरतात, मागचा छोटा स्क्रू किल्लीला फिरू देत नाही. तिथे भोक केसभर सैल झालं तरी चालतं, भुसा भरायची गरजच नाही. दाबून बसवलेल्या बुशचं सगळं बळ मात्र भोकाच्या घट्टपणात असतं. अकूस्टिकच्या सहा लाइट (बारीक) तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या आसपास असतो आणि तो दांडीला सतत तारांच्या खाचांच्या नटकडे ओढतो. त्याखाली भुशाची भर चुरते, बुश कलंडतं. तिथे खुंटी घालून नवं भोक पाडणं हाच मार्ग.

राहिला सुतार. आपल्याकडच्या सुतारांचा हात सागवानावर बसलेला असतो आणि खुंटी बसवणं, फळी आवळणं ही कामं ते आपल्यापेक्षा कितीतरी सफाईने करतात. पण दरवाजाच्या कडीसाठी भोक पाडायच्या सवयीने त्यांनी हँड ड्रिल उचललं तर थांबवा. नवी किल्ली सोबत न्या, तिचा सगळ्यात जाड भाग दाखवा, समोरच्या लॅकरवर मास्किंग टेप लावून घ्या, आणि पहिलं भोक पूर्ण होऊन किल्ली नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देऊ नका.