नारायणगावकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: खोडदची दुर्बीण आणि आपली रेल्वे

नारायणगावकर, नमस्कार.

"३० ताटल्यांसाठी आमची पुणे-नाशिक रेल्वे शिर्डीकडे वळवली. हायड्रोजन मोजून टोमॅटोला भाव मिळणार का?" असं तुम्ही नारायणगावजवळच्या खोडदच्या 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीबद्दल विचारलंत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या तिच्या ३० अँटेना म्हणजेच तुमच्या त्या 'ताटल्या'.

नाही मिळणार. अशा वेळी लोक वायफायचं उदाहरण फेकतात, तेही रेडिओ खगोलशास्त्रातूनच आलं म्हणून. खोटं नाही ते. पण जीएमआरटी काही त्यासाठी उभारली नव्हती, तेव्हा ती पळवाट मला नको.

'ताटल्या' मात्र खटकलं. अगदी जवळ जाऊन बघा. व्यास ४५ मीटर, पण पत्रा नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी, आरपार आभाळ दिसतं. वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि मंडळींचं हे डोकं!

आता रेल्वे. अवकाशातल्या हायड्रोजन वायूची रेडिओ लहर निघते १४२० मेगाहर्ट्झवर आणि विश्व पसरत असल्यामुळे वाटेत ताणली जाते. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी एक लहर खोडदला सापडली, जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झालं. पोचली तेव्हा ती ६२० च्या आसपास उतरली होती. तीही मधली एक दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) भिंगासारखी आड आली म्हणून कळली, इतकी क्षीण. रात्री लोकलच्या टपावर, वायरपाशी निळी ठिणगी उडताना पाहिली असेल तुम्ही. ती काही एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबत नाही, सगळीकडे खरखर करते. वीज कडाडली की जुन्या रेडिओवर व्हायची तशी. त्या खरखरीत अशी क्षीण लहर बुडून जाईल.

"मग दुर्बीणच हलवा" म्हणता. १४ अँटेना खोडदला एकत्र आहेत, बाकीच्या १६ पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शिवाय हे खोरं निवडलं तेच डोंगरांच्या आडोशासाठी. असा आडोसा आता दुसरीकडे कुठे शोधायचा?

पण एका बाबतीत तुमचं शंभर टक्के पटतं. दुर्बीण देशाची, तर तिच्या शांततेची किंमत जुन्नर, आंबेगाव, संगमनेरनेच का मोजायची? रूळ किती लांब गेले तर चालेल, बोगद्याने काही भागेल का, याचे आकडे मराठीत, ग्रामसभेत मांडायला हवेत. दुर्बीणवाल्यांच्या 'हरकत आहे' एवढ्यावर गावाने गप्प बसावं, हे मलाही मान्य नाही. त्या मागणीचं निवेदन काढा, मी सही करतो. फक्त त्यात 'बिनकामाचं संशोधन' असे शब्द तेवढे घालू नका.

२८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. येणार असाल तर आधी कळवा, आत मोबाइल बंद ठेवावा लागतो.