नरकातली सोळा गाणी आणि चौथी सीट

माझ्या यादीतलं पहिल्या नंबरचं गाणं आज अकराव्या नंबरवर आहे आणि ते तिथे मी नेलेलं नाही. लोकलमध्ये ठाणे ते दादर एवढ्या अंतरात एका अनोळखी काकांनी ते स्वतःच्या तर्जनीने खाली ओढलं.

यादी 'हॅझबिन हॉटेल'च्या पहिल्या सीझनच्या गाण्यांची. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ही ॲनिमेटेड मालिका, ८ भाग, भागाला २ गाणी, एकूण १६. सैतानाची मुलगी चार्ली नरकात हॉटेल काढते, पाप्यांना सुधारून स्वर्गात धाडायला. एवढ्यावर भागेल.

तिघांच्या बाकावर चौथा बसला की त्याचं निम्मं बूड हवेत असतं आणि पूर्ण लक्ष शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, यादी वाचली आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

"हो. का?"

"नाही, वर 'पॉयझन' लिहिलंय. खाली 'लूझर'. मधे नरक तीनदा आलाय. शेवटी 'सॉरी'." मग अगदी कानाशी येऊन, "आणि वडिलांवर एवढा राग बरा नव्हे हो."

'हेल्स ग्रेटेस्ट डॅड' हे गाणं आहे, त्यात चार्लीचा बाप लुसिफर आणि हॉटेल सांभाळणारा अ‍ॅलास्टर ही दोन पात्रं चार्लीचा खरा बाप कोण शोभतो यावर स्विंगच्या ठेक्यात भांडतात, हे मी सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. तिच्या जागी जे आलं त्यापेक्षा काळजी परवडली असती.

"म्हणजे कार्टून?"

"मोठ्यांचं आहे काका."

"मोठ्यांचं कार्टून," ते म्हणाले. दारात लटकलेल्यांनाही ऐकू गेलं.

इथे विषय संपायला हवा होता. पण हा क्रम कसा लावला, ती पद्धत काकांना हवी होती. सोळा गाण्यांतली प्रत्येक जोडी समोरासमोर ठेवायची तर १२० सामने होतात. कान विटतो आणि साठाव्या जोडीनंतर माणूस फक्त ओळखीचं गाणं निवडत जातो. म्हणून बाद फेरी: १५ सामन्यांत पहिला नंबर हाती येतो. (शेवटच्या भागातलं 'मोअर दॅन एनीथिंग' हे जुन्याच गाण्याचं छोटं पुनरागमन. खरं तर ते वेगळं मोजू नये. पण काढलं तर १५ उरतात आणि कुणाला तरी फुकटची चाल द्यावी लागते. म्हणून ठेवलं. तत्त्वबित्त्व काही नाही.) फसगत असते ती दुसऱ्या नंबरात. अंतिम फेरीत हरलेलं गाणं दुसरंच असेल असं नाही. खरं दुसरं गाणं विजेत्याशी पहिल्याच फेरीत गाठ पडून कधीच घरी गेलेलं असू शकतं. तेव्हा विजेत्याकडून हरलेली चारही गाणी काढायची, त्यांच्यात आणखी ३ सामने लावायचे. एकूण १८.

काका गप्प झाले. मुंब्र्याच्या बोगद्यातही माणूस इतका गप्प नसतो.

"म्हणजे पहिल्या फेरीत हरलेला दुसरा असू शकतो?"

"असू शकतो. विजेत्याकडून हरला असेल तर."

"आमच्या चाळीत गणपतीत कॅरम व्हायचा. सोळाच जण. मी दर वर्षी पहिल्या फेरीत बाद. दर वर्षी तळमजल्यावरच्या त्या बँकवाल्याकडून. आणि दर वर्षी तोच पहिला!" त्यांनी माझा गुडघा पकडला. "म्हणजे मी दुसरा होतो!"

"चौघांपैकी एक—"

"एवढी वर्षं बायको हसतेय!"

मुलुंड गेलं. समोरच्या बाकावरच्या दोघांनी काकांचं अभिनंदन केलं. एकाने हातही मिळवला. माझ्या १६ गाण्यांकडे कुणी पाहिलं नाही.

आणि मग, एवढं सगळं घेतल्यावर, हा माणूस निकष शिकवायला बसला. त्यांच्या मते गाण्याची किंमत एकच, वन्स मोअर किती मिळाले. हे 'सौभद्र'च्या काळी, १८८२ मध्ये, ठीक होतं. तिथे गाण्यासाठी गोष्ट थांबायची, आणि कुणाची तक्रार नसायची. इथे जेमतेम पंचवीस मिनिटांच्या भागात दोन गाणी बसवायची, तर ओझं गाण्यानेच वाहायचं. 'स्टेड गॉन' घ्या. व्हॉक्स हा टीव्हीवाला, अ‍ॅलास्टर रेडिओवाला. व्हॉक्स आजच्या तालात शिव्या घालतो, मग अ‍ॅलास्टरचा भाग येतो आणि गाणं जुन्या रेडिओच्या आवाजात शिरतं. शेवटी व्हॉक्सचं डोकं इतकं फिरतं की शहराची वीज जाते. दोघांचं जुनं वैर कुणी समजावून सांगायला बसत नाही. 'यू डिडन्ट नो'मध्ये तर स्वर्गाचं न्यायालय भरलेलं असतं. सुरुवातीला एमिली या देवदूताला नरकातली वार्षिक कत्तल ठाऊकच नसते. संपेपर्यंत तिच्याहून ज्येष्ठ देवदूत सेराला सगळं माहीत होतं हे उघड होतं आणि एमिली चार्लीच्या बाजूने गाऊ लागते. तीन मिनिटांत बाजू बदलते, तीही सुरात. माझा पहिला नंबर तो.

उलट 'रेडी फॉर धिस'. नरभक्षकांची अख्खी वस्ती एका गाण्यात युद्धाला तयार. आमच्या सोसायटीला टाकी धुवायला तयार करायला तीन सभा लागतात. ही घाई शेवटच्या भागांत सगळीकडे आहे आणि तिचा खरोखर राग येतो. आणखी चार भाग दिले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

'पॉयझन'ला दोन वेगवेगळे नंबर द्यावे लागतात. नुसतं ऐकलं तर नाचाचं गाणं. चित्रासकट पाहिलं तर एंजल डस्ट या पात्राचं शोषण, पोटात गोळा येतो. म्हणून आधी डोळे मिटून ऐकायचं, मग प्रसंगासकट. आवाजही दोन्ही वेळा तेवढाच ठेवायचा, कारण जरा मोठ्याने लागलेलं गाणं कानाला उगाच चांगलं वाटतं. चित्र बघून नंबर दोन पायऱ्यांपेक्षा जास्त हलला तर श्रेय चित्राचं.

हे सांगेपर्यंत कुर्ला आलं आणि काकांचं बोट यादीवर आलं. त्या ॲपात ओळ दाबून धरली की उचलली जाते. त्यांनी माझा पहिला नंबर उचलला.

"कोर्टात कोण गातं? मी सात वर्षं जागेची केस लढलोय." दहावा. मग तळातून 'इट स्टार्ट्स विथ सॉरी' वर, एकवर, म्हणजे माझं आणखी एक पायरी खाली, अकरावं. "सॉरी म्हटलं की निम्मं भांडण मिटतं."

हॉटेलात राहायला आलेला सर पेन्शस हेरगिरी करताना पकडला जातो त्यावर चार्ली ते गाते. गोड आहे, साधं आहे. तेरावा नंबर आहे. मी बोलायच्या आत ॲपने सगळं सेव्ह केलं.

दादरला उतरण्यापूर्वी त्यांनी बिलाचा कागद पुढे केला. कॅरमचं लिहून द्या म्हणाले, बायकोला दाखवायचंय. मी 'दुसरे असू शकतात' लिहिलं. त्यांनी 'असू शकतात' खोडून 'होते' केलं, खाली माझी सही घेतली आणि उतरले.

पेन माझं होतं.