मेणबत्तीमुळे कुणी आजारी पडत नाही

नाताळ जवळ आला आणि खानापूर, नंदगड, बेळगावातल्या ख्रिस्ती घरांत फोनवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागलाय. मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. त्याचा सारांश असा: आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, बायबलमध्ये नाही, म्हणून तो पाळणं पाप. चार मेणबत्त्यांचं चक्र म्हणजे सूर्यपूजा. 25 डिसेंबर हा रोमच्या सूर्यदेवाचा दिवस. नाताळचं झाड यिर्मया संदेष्ट्याने निषिद्ध ठरवलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरांत: ज्या घरात जांभळी मेणबत्ती पेटते त्या घरात आजार आणि कर्ज शिरतं, ती फेकून द्या, घर शुद्ध करा, मग औषधाची गरज राहणार नाही.

बाकीचं वाचून मी सोडून दिलं असतं. पण मेसेज माझ्या आत्याकडे पोचला. तिचा मुलगा आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खानापूरहून बेळगावला जातो. 30 नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तिने पितळी ताटात सुरूच्या फांद्या गोल मांडून तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या. मेसेज वाचल्यावर ते सगळं तिने मागल्या दारी जळणाच्या ढिगावर नेऊन टाकलं आणि मला फोन करून विचारलं, "गुरुवारी ह्याला न्यायचं की नको रे?"

म्हणून आधी त्याच मुद्द्याचं बोलतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं, अंगात पाणी भरतं. डायलिसिस चुकलं की धाप लागते, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. आत्याच्या मुलाची मूत्रपिंडं साखर आणि रक्तदाबाने गेली, आणि ती गेली तेव्हा घरात एकही मेणबत्ती पेटलेली नव्हती. एका आईला "तुझ्याच हाताने तू आजार घरात आणलास" असं सांगणं हे क्रौर्य आहे. प्रभूचं नाव घेऊन सांगितलं म्हणून ते कमी होत नाही.

शास्त्राचाच आधार हवा असेल तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडा. वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू सांगतो, ह्याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. इतकं स्वच्छ उत्तर आहे. पण तिथेच थांबू नका, अध्याय शेवटपर्यंत वाचा. तो माणूस बरा झाल्यावर धर्माचे पुढारी त्याला "तू पापातच जन्मलास, तू आम्हाला शिकवतोस?" असं म्हणून बाहेर हाकलतात. आजाराला पाप चिकटवणारे त्या अध्यायात हे आहेत, येशू नाही. आणि औषध नको म्हणणाऱ्यांनी पौलाचं कलस्सैकरांस पत्र बघावं. तिथे तो लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो. त्याच लूकच्या नावाचं शुभवर्तमान आपण नाताळच्या रात्री वाचतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ह्याचा की, आगमनकाळ ज्या घरांसाठी आहे त्याच घरांतून तो काढून घेतला जातोय. यंदा तिसऱ्या रविवारी, 14 डिसेंबरला, मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचला जाईल. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याच्या येण्याची त्याने आयुष्यभर ग्वाही दिली त्यालाच तो निरोप पाठवून विचारतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहू? येशू त्याला रागावत नाही, तुझा विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, एवढं त्याला कळवा म्हणतो. आणि लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. योहान तुरुंगातून सुटला नाही, तिथेच त्याचा शिरच्छेद झाला. हे वाचन नेमकं ह्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे आनंदाच्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी येतं. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी चार-चार तास बसणाऱ्या बाईला वाट पाहणं म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. हा काळ तिचाच आहे.

आता बाकीचे मुद्दे. आगमनकाळ बायबलमध्ये नाही, हे खरं आहे, मान्य. इ. स. 380 मध्ये स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मपरिषदेने 17 डिसेंबरपासून तीन आठवडे कुणी चर्च चुकवू नये असं ठरवलं, अशा नोंदींतून तो हळूहळू आकाराला आला. माणसांनी ठरवलेली तयारी आहे ती. पण छापील प्रार्थनापुस्तक आणि रविवारची शाळाही बायबलमध्ये नाही, ती कुणी पाप मानत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो, कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणाला सगळे दिवस सारखे. ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी.

मेणबत्त्यांच्या चक्राचा सूर्याशी काही संबंध नाही. 1839 मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला योहान हिनरिक विकर्न नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, नाताळला किती दिवस उरले ते मुलांना कळावं म्हणून. आम्हा कॅथलिकांकडे तो प्रघात नंतर आला.

25 डिसेंबर ही येशूच्या जन्माची तारीख म्हणून बायबलमध्ये नाही, हेही कबूल. पण ती सूर्यदेवाकडून उचलली हे काही सिद्ध झालेलं नाही. इ. स. 354 च्या एकाच रोमन संग्रहात त्या तारखेला सूर्यदेवाच्या आणि येशूच्या जन्माची अशा दोन्ही नोंदी सापडतात, आणि 25 मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले, असंही अभ्यासक मांडतात. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात सुताराने घडवलेल्या मूर्तीचं वर्णन आहे. आपण झाडाला चांदण्या बांधतो, त्याच्या पाया पडत नाही.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला खोडता येत नाही: "तुम्ही पश्चात्ताप सोडून खरेदीला लागलात." बेळगावच्या खडेबाजारात चांदण्या आणि कंदील घ्यायला आपण जेवढा वेळ देतो तेवढा कबुलीसंस्काराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, देत नाही. हे बोलायलाच हवं, पण आजारी माणसाच्या आईला घाबरवून नव्हे.

आत्याला मी सांगितलं, गुरुवारी न्यायचंच, मीही येतो. फादरही तिच्या घरी जाऊन आले. पण मेसेज तिला पाठवला होता आपल्याच धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्याच चर्चच्या, एका बाईने, आणि तिने तो आणखी कितीतरी जणांना पाठवला असणार. ज्यांनी ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांनी नुसता डिलीट करून भागणार नाही. ज्यांना पाठवला त्यांतल्या ज्या घरी कुणी आजारी आहे, तिथे आज संध्याकाळच्या आत फोन करा आणि सांगा की गोळ्या, इन्सुलिन, डायलिसिस, काहीही बंद करू नका.