समुद्राकडे पाठ असलेली घरं

दिवाळी तोंडावर आली की माझ्या फोनवर एकच चौकशी सुरू होते. "तुझं गाव कोकणातलं ना? मग एखादं बीच टच रिसॉर्ट सांग की. पडदा सरकवला की समोर पाणी दिसलं पाहिजे." हल्ली त्यात रीलची भर पडली आहे. कुठल्याशा खाडीच्या मुखावर ड्रोन उडवायचा, वरून निळा रंग चढवायचा आणि खाली लिहायचं 'आपलं मिनी मालदीव'. मग पुण्या-मुंबईची मंडळी एका रात्रीचे आठ-दहा हजार मोजून येतात आणि सकाळी उठल्यावर पाणी कुठे गेलं म्हणून मॅनेजरशी हुज्जत घालतात.

ओहोटीला गेलेलं असतं, दुसरं कुठे जाणार!

माझं मत सरळ सांगते. कोकणात राहायची जागा शोधताना खोलीपासून समुद्र किती पावलांवर आहे, हे सगळ्यात शेवटी बघावं. आधी किनारा बघावा, मग गाव, मग जेवण कोण रांधणार ते. खिडकीतून काय दिसतं हा त्यानंतरचा प्रश्न.

मालदीवची बेटं प्रवाळाची. भोवती प्रवाळाचंच कडं असतं, मोठी लाट तिथेच फुटते आणि आतलं पाणी संथ राहतं. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. म्हणून तिथे पाण्यात खांब रोवून वर खोल्या बांधता येतात. आपला किनारा उघडा आहे. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारी लाट थेट अंगावर येते. शिवाय मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे जाता जाता तो निम्म्यावर येतो. अलिबागला ओहोटीच्या वेळी लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात ते याचमुळे. त्या किनाऱ्यावर 'खोलीसमोर पाणी' हे दिवसातून दोनदा खोटं ठरणारच, त्यात मालकाचा दोष नाही.

बुकिंग करण्याआधी कालनिर्णय बघा, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अमावास्येला बाराच्या आगेमागे. दक्षिणेकडे हे थोडं अलीकडे सरकतं, पण सहलीपुरता हिशेब चालतो. म्हणजे पौर्णिमेचा शनिवार-रविवार धरून गेलात तर चांदणं मिळेल, पण सूर्यास्ताला पाणी लांब गेलेलं असेल. ज्यांना मावळतीला पाणी पायाशी हवं त्यांनी अष्टमीच्या सुमारास यावं. हे कुठलंही बुकिंगचं ॲप सांगत नाही.

आता गुहागरला जाऊन एक गोष्ट बघा. गाव किनाऱ्याला समांतर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पसरलेलं. समुद्राच्या बाजूच्या घरांचंसुद्धा तोंड रस्त्याकडे. मागच्या दारी विहीर, मग नारळ-पोफळीची वाडी, वाडी संपली की कुंपण, त्यापलीकडे सुरूचं बन आणि मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पिढ्यान् पिढ्या समुद्राशेजारी राहिलेल्या लोकांनी समुद्राकडे पाठ करून घरं बांधली. त्यांना सूर्यास्त आवडत नव्हता म्हणून नव्हे. खारा वारा, उडती वाळू आणि वादळ यांचा पहिला मार घरावर येऊ नये म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, त्यामुळे तो फटका एका हंगामाचा नव्हता.

ही सगळी झाडं काढून अगदी पुढे बांधलेल्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही राहिलो होतो. नाव घेत नाही. गॅलरीच्या दाराची कडी गंजून जॅम झालेली, एसीच्या पत्र्याला पोपडे, गाद्या हाताला दमट लागत होत्या. नळाचं पाणी मचूळ, साबणाला फेस येईना. आणि त्याच मचूळ पाण्याच्या गावात अंगणात निळ्या फरशीचा स्विमिंग पूल! एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचा उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं, आणि त्याचा त्रास पाहुण्याला दोन दिवस, शेजारच्या वाडीवाल्याला पाऊस पडेपर्यंत. रात्री समुद्राची गाज ऐकायची म्हटलं तर पुळणीवर स्पीकर लावलेला.

कायद्याचंही बघायला हवं. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, हा तिचा गाभा. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट लोकवस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली, बाकीच्यांना २०० कायम. तेव्हा पुळणीला खेटून दोनमजली स्लॅब दिसला तर परवानगीचं विचारायला लाजू नका. उत्तर देताना मालक अडखळला की काय ते समजून जा.

किनारे सगळे एकसारखे नाहीत, आणि निवड खरी इथे करायची असते. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा, पण उतार तीव्र आणि पाण्याला ओढ आहे. तिथले धोक्याचे फलक शोभेचे नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे दर्शन घ्या, मोदक खा आणि पाण्यात खेळायला दुसरीकडे जा. काशिदलाही तेच, पाण्यात उतरण्याआधी स्थानिकांना विचारा. दापोलीकडे कर्दे-मुरुडची पुळण लांब आणि सपाट, चालायला सुख. (सपाट दिसते म्हणून गाडी घालणाऱ्यांची तिथे दर सुट्टीत फजिती होते. भरती चढत असते, चाकं रुतलेली, आणि ट्रॅक्टरवाला शांतपणे भाव सांगत असतो. मला अजिबात वाईट वाटत नाही.) देवबाग तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राच्या बाजूला धूप इतकी, की काही ठिकाणी समोर पुळणीऐवजी दगडांचा बंधारा आहे. बीच टचचे पैसे मोजून दगड बघायचे! त्यापेक्षा खाडीच्या बाजूची खोली घ्या. पहाटे होड्या जाताना दिसतात, वारा मऊ, पाणी स्थिर. देवबागला मी तरी नेहमी तीच बाजू सांगते.

ज्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचं आहे त्यांच्यासाठी वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये तिथे सुरू केलं, आणि आज गावातल्या घरांमध्ये पाहुणे उतरतात. तिथे कुणी बीचफ्रंट मागत नाही. मागूही नये, कारण पिल्लं उजेडाच्या रोखानं सरकतात. पुळणीवर रिसॉर्टचे फ्लडलाइट असतील तर ती समुद्राऐवजी तुमच्या बुफेकडे निघतील.

जेवणाबद्दल मी जरा कडक आहे. ज्या ठिकाणी फोनवरच पनीर टिक्का आणि 'कॉन्टिनेन्टल'ची यादी ऐकवतात ते ठिकाण मी तिथल्या तिथे सोडते. चांगल्या घरी उलटे प्रश्न येतात. "किती पानं? मासे खाणारे किती? सुरमई मिळेलच असं नाही हां, बाजारात काय येतंय त्यावर." हे ऐकलं की समजावं, जागा बरी आहे. मालवणकडे तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सकाळी घावन नाहीतर आंबोळी. गुहागर-केळशीकडे शाकाहारी घरात डाळिंब्यांची उसळ आणि सोलकढी. पण हे सगळं आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. रात्री साडेनऊला पोचून मोदक मागू नयेत.

घरगुती राहण्याचेही ताप आहेत, ते लपवत नाही. गरम पाणी बादलीनं, दुपारी वीज गेली तर पंखाही नाही, आणि मालकांच्या टीव्हीवरची मालिका तुम्हालाही ऐकावी लागते. हल्ली तर चार मजली इमारतीवरही 'घरगुती निवास' अशी पाटी असते. आणि समुद्रासमोरची खोली काही जणांना खरंच लागते. माझ्या मावशीचे गुडघे गेलेत, वाळूत तिला चालवत नाही. तिच्यासाठी आम्ही गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाच्या निवासात मुद्दाम समोरची खोली घेतली. मावशी खुर्ची टाकून सबंध संध्याकाळ बसून होती. अशा माणसासाठी जास्तीचे पैसे जरूर द्यावेत.

बाकीच्यांनी वाडीतून दोन-तीनशे पावलं चालावं. त्या चालण्यात पोफळीची सावली लागते, विहिरीवर रहाट दिसतो, एखादी आजी "कुठून आलात?" विचारते.

कॉमेंटमध्ये 'नाव आणि नंबर इनबॉक्स कर' लिहू नका, मी देणार नाही. महिना कुठला, तिथी कुठली, बरोबर लहान मुलं की म्हातारी माणसं, मासे चालतात का आणि गाडीनं येताय की रेल्वेनं, एवढं लिहा. गाव मी सांगते. तिथल्या दोन घरांना तुम्ही स्वतः फोन करा.