माणसंही मोजा, राज्यंही मोजा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युरोपचा, म्हणजे युरोपीय संघाचा, विषय निघाला की नागपूरचा दादा ठरलेलं वाक्य टाकतो: '27 देश, 24 भाषा, निर्णय शून्य.' दिल्लीत खमकं सरकार आहे म्हणून आपलं बरं चाललंय, हे त्याचं मत. कोल्हापूरची मावशी नेमकी उलट. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हापासून तिचा धोशा आहे की राज्यांना युरोपातल्या देशांसारखे अधिकार द्या, मग बघा. (तो शासन निर्णय एप्रिल 2025 मध्ये मुंबईतूनच निघाला आणि जूनअखेर मुंबईनेच मागे घेतला, पण मावशीचा राग दिल्लीवर.) मी बेल्जियमच्या राजधानीत, ब्रसेल्समध्ये राहते आणि संघाचा बराचसा कारभार इथूनच चालतो, त्यामुळे निवाडा माझ्याकडे येतो. मला दोघांचंही पटत नाही.

दादाने तर हसूच नये. इथल्या युरोपीय संसदेचंही एक 'नागपूर अधिवेशन' आहे, तेही वर्षातून बारा वेळा. अधिवेशनाआधी ब्रसेल्सच्या इमारतीत प्रत्येक खासदाराच्या दाराबाहेर पेटी येऊन पडते. त्यात फायली भरायच्या, पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या, चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला न्यायच्या आणि चार दिवसांनी परत आणायच्या. सगळं कामकाज ब्रसेल्सला हलवलं तर वर्षाला सुमारे 11.4 कोटी युरो वाचतील, असं युरोपच्याच लेखापरीक्षकांनी 2014 मध्ये सांगितलं होतं. तरी पेट्या जातातच, कारण हे सगळं करारात लिहिलंय, करार बदलायला 27 जणांची संमती हवी आणि फ्रान्स ती कशाला देईल? 1953 च्या नागपूर कराराचा आधार घेऊन आपण दर हिवाळ्यात सरकार नागपूरला नेतो, त्यामागची भावना याहून फार वेगळी नाही. आपल्याकडे निदान हुरडा तरी मिळतो.

एकमताची ही अट हेच युरोपचं खरं दुखणं. परराष्ट्र धोरण, कर, नव्या देशाचा प्रवेश, दीर्घकालीन अर्थसंकल्प, यांतलं काहीही एका देशाने अडवलं की घोंगडं भिजत पडतं. डिसेंबर 2023 मध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायची होती आणि हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान हटून बसले होते. तेव्हा जर्मनीचे चॅन्सलर शोल्झ यांनी त्यांना सुचवलं, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. ते गेले आणि उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेऊन टाकला. दोन वर्षांनी रशियाच्या गोठवलेल्या पैशाचा प्रश्न आला. त्यातले 190 अब्जांच्या आसपास युरो इथे ब्रसेल्समधल्या एका संस्थेकडे पडून आहेत. त्यांच्या आधारावर युक्रेनला कर्ज द्यावं, असा घाट होता. उद्या रशियाने दावा ठोकला तर एकट्याने का निस्तरायचं, म्हणून बेल्जियम अडून बसला. शेवटी सगळ्यांची पत वापरून 90 अब्जांचं कर्ज काढायचं ठरलं आणि हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया यांना त्या बोज्यातून सूट मिळाली. मावशी, तुला हवे असलेले अधिकार हे असे वापरले जातात.

पण जिथे एकमताची अट नाही, तिथली पद्धत दादाने नीट वाचावी. तिथे मोजणी दोनदा होते. ठरावाच्या बाजूने किमान 55 टक्के देश हवेत, म्हणजे 27 पैकी 15, आणि त्या देशांत युरोपची किमान 65 टक्के लोकसंख्या हवी. त्यामुळे बडे देश छोट्यांना गुंडाळू शकत नाहीत आणि छोट्यांची टोळी बड्यांवर काही लादू शकत नाही. संसदेतही तसंच. जर्मनीच्या 96 जागा, माल्टाच्या सहा. माल्टाच्या एका खासदारामागे लाखभरसुद्धा लोक नाहीत, जर्मनीच्या एकामागे साडेआठ लाखांच्या वर. यात 'एक माणूस, एक मत' कुठे राहिलं, हा आक्षेप खुद्द जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये नोंदवला. आक्षेप खरा आहे, तरी जर्मनी त्यात नांदतो.

आपल्याकडे माणसांसोबतची दुसरी मोजणी, म्हणजे राज्यांची, जवळपास नाहीच. लोकसभा लोकसंख्येवर आणि राज्यसभाही बहुतांशी लोकसंख्येवरच: उत्तर प्रदेश 31, महाराष्ट्र 19, गोवा 1. राज्यांची सभा म्हणवणाऱ्या सभागृहात पुन्हा डोकीच मोजायची, तर ते दुसरं सभागृह कशाला? लोकसभेच्या जागांचं वाटप 1971 च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे. ते सुटल्यावर ज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचाच आवाज क्षीण होणार, ही दक्षिणेची भीती. महाराष्ट्रात ती 'त्यांचं दुखणं' म्हणून ऐकली जाते, ही आपली चूक आहे. राज्यं समान मोजली जातात ती जीएसटी परिषदेत, पण तिथे एक तृतीयांश वजन एकट्या केंद्राचं आणि ठरावाला तीन चतुर्थांश हवेत. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही होत नाही. 2021 मध्ये या समान मतावरून तमिळनाडू आणि गोव्याच्या मंत्र्यांची जाहीर खडाजंगीही झाली.

गोव्यावरून आठवलं. युरोपीय परिषदेचे, म्हणजे 27 देशांच्या नेत्यांच्या मंडळाचे, अध्यक्ष आंतोनियो कॉस्टा यांचं पितृघराणं मडगावचं. आपल्या ग्रुपवर त्यांचा फोटो 'आपला माणूस' म्हणून फिरतो. या आपल्या माणसाला परिषदेत मत नाही. त्यांचं काम 27 नेत्यांना एकेक करून फोन करणं, कोणाला काय हवंय ते काढून घेणं, समजूत घालणं. संघाचा रोजचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन यांच्या हाती सत्ता जास्त, पण त्यांचंही आसन डळमळीतच. 2019 मध्ये त्यांचा अग्रक्रम होता हवामान, 2024 पासून उद्योग आणि संरक्षण. फेब्रुवारी 2024 मध्ये संसदेसमोरच्या चौकात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून जाळपोळ केली, अंडी फेकली. आठवडाभरात कीटकनाशकं निम्म्यावर आणण्याच्या कायद्याचा प्रस्ताव बाईंनी मागे घेतला. मला ती माघार घाईची वाटली. स्पेनमधल्या सालामांकाच्या किंवा फ्रान्समधल्या पिकार्डीच्या शेतकऱ्याशी आधीच बोलणं झालं असतं, तर त्याला ट्रॅक्टर काढून इतक्या लांब यायची गरजच पडली नसती.

दिल्लीला युरोपकडून नकाराधिकार घ्यायचा नाही, दुहेरी मोजणी घ्यायची आहे, आणि त्याची किंमत आपल्यालाही पडेल. राज्यसभेच्या जागा 28 राज्यांत समान वाटल्या तर प्रत्येकी आठच्या आसपास येतात. गोव्याच्या एकाच्या आठ होतील आणि महाराष्ट्राच्या 19 च्याही आठच. युरोपीय संसदेसारखा मधला मार्ग काढला तरी आपल्या काही जागा जाणारच. त्या सोडायला महाराष्ट्र तयार आहे का, हे मावशीला अजून विचारलेलं नाही.